झाडाचे दुखणे

झाड आजारी आहे हे माणसाच्या लक्षात येते ते पानांवरून. आणि मोठ्या झाडाच्या पानांवर दुखणे उमटते तोवर ते बरेचदा वर्ष-दोन वर्षांचे जुने झालेले असते. अंगणातला आंबा, परसातले लिंबू, विहिरीजवळचा माड यांच्याबाबत नेहमी घडते ते असे : पाने पिवळी दिसली की दुकानातून एखादी बाटली येते, एक फवारणी होते, पंधरा दिवसांनी दुसरी बाटली येते. तोवर खोडातली अळी निवांतपणे लाकूड पोखरत असते, किंवा बुंध्याशी साचलेल्या पाण्यात मुळे कुजत असतात. बाटलीतले औषध आपल्या जागी चांगलेच असेल, पण या दुखण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

पहिला प्रश्न असा की झाड खरोखर आजारी आहे का. देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात. काटेसावर आणि पांगारा हिवाळ्याच्या शेवटी पार निष्पर्ण होतात, आणि शहरातल्या सोसायटीत नेमके त्याच वेळी कोणीतरी ‘हे वठलेले झाड काढून टाका’ असा अर्ज करते. आंब्याची कोवळी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असते. ती कोमेजलेली नसते, दोन-तीन आठवड्यांत ताठ होऊन हिरवी होते. शंका असेल तर नखाने किंवा चाकूच्या टोकाने बारीक फांदीची साल किंचित खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर त्या जागी ती मेली आहे. शेंड्याकडून खोडाकडे असे खरवडत आले की वाळण्याची हद्द कुठपर्यंत पोचली आहे ते कळते.

खोडावर जे जे वाढलेले दिसते ते सगळे झाडाचे शत्रू असतात असेही नाही. सालीवरचे करडे-हिरवट पापुद्रे म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात पडते त्याच जातकुळीचे. ते झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. सीतेची वेणी किंवा इतर आमरी, नेचे, शेवाळ यांचेही तसेच. बांडगूळ मात्र पक्के बांडगूळ असते. त्याची मुळी फांदीच्या आत शिरून पाणी आणि क्षार शोषते. त्याची चिकट बी फुलटोच्यासारखे छोटे पक्षी एका फांदीवरून दुसरीवर नेतात. जुन्या आमराईत आंब्याच्या पानांपेक्षा बांडगुळाची पाने जास्त अशी झाडे पाहायला मिळतात. नुसते बांडगूळ ओरबाडून उपयोग होत नाही, कारण आत राहिलेल्या भागातून ते पुन्हा फुटते. ते जिथे चिकटले आहे त्याच्या हातभर खालून फांदीच कापावी लागते, आणि तीही त्याला फळे धरण्यापूर्वी.

झाड आजारी आहे असे ठरले की पुढचे काम पाहण्याचे. सगळे झाड एकदम मलूल झाले असेल तर दोष बहुधा मुळांत किंवा बुंध्यात असतो, कारण सगळ्या फांद्यांना समान असलेली जागा तीच. एकच फांदी सुकली असेल तर कारण त्या फांदीत किंवा ती जिथून फुटते तिथे शोधावे. एकाच बाजूच्या फांद्या विरळ झाल्या असतील तर त्या बाजूच्या जमिनीकडे नजर टाकावी. तिथे कुंपणाच्या भिंतीचा पाया, पाइपलाइन किंवा केबलचा चर निघतो. मुळे तोडल्याचा परिणाम कधी त्याच उन्हाळ्यात, कधी पुढच्या एक-दोन वर्षांत दिसतो. म्हणून जुना वैद्य रोग्याला जसा ‘मागच्या महिन्यात काय खाल्ले’ असे विचारी, तसे झाडाच्या मालकाला ‘गेल्या तीन वर्षांत इथे काय काय केले’ हे विचारावे लागते. भराव टाकला, फरशी घातली, बोअरचे पाणी सुरू केले, कपडे धुण्याच्या यंत्राची नळी आळ्यात सोडली, अशी उत्तरे यायला लागली की अर्धे निदान तिथेच होते.

पिवळ्या पानांचेही प्रकार आहेत. जुनी, खालची पाने सरसकट फिकट आणि शेंड्याची हिरवी असतील तर नत्राची कमतरता समजावी. नत्र झाडाच्या अंगात इकडून तिकडे हलू शकते. टंचाई पडली की आजीने आपल्या ताटातला घास नातवाला द्यावा तसे जुन्या पानांतले नत्र कोवळ्या पानांकडे जाते. लोहाचे तसे नाही, ते एकदा पानात बसले की हलत नाही. म्हणून लोह कमी पडले की आधी कोवळी पाने पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या जाळीसारख्या उरतात. लिंबाची नवी पाने लहान, अरुंद आणि ठिपकेदार पिवळी निघाली तर जस्त कमी आहे. पानांच्या कडा व टोके भाजल्यासारखी तपकिरी झाली तर पालाश कमी असेल किंवा पाण्यात क्षार जास्त असतील. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर वाढणाऱ्या आंब्यात हे दुसरे कारण अधिक संभवते.

लोहाच्या बाबतीत एक गंमत आहे. महाराष्ट्राच्या पठारावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह पुष्कळ असते. चुन्यामुळे ते अशा रूपात जाते की मुळांना उचलता येत नाही. बंगल्याच्या बागेत चुनखडी नसली तरी बांधकामाचा राडारोडा मातीखाली गाडलेला असतो आणि सिमेंट-चुना तेच काम करतो. अशा जागी नुसते खत ओतून काही होत नाही. राडारोडा उपसणे, भरपूर कुजलेले कंपोस्ट देणे हा मूळ उपाय. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारले तर पाने हिरवी होतात, पण ती तात्पुरती मलमपट्टी. जस्तासाठी दहा लिटर पाण्याला झिंक सल्फेट ५० ग्रॅम आणि त्याचा दाह कमी करण्यासाठी चुना २५ ग्रॅम.

निदानात सर्वांत दुर्लक्षित अवजार म्हणजे खुरपी. बुंध्याभोवतीची माती हळूहळू उकरली की बहुतेक प्रकरणांचा उलगडा होतो. निरोगी झाडाचे खोड जमिनीला टेकताना रुंदावते, मुळांचे खांदे वर दिसतात. खोड खांबासारखे सरळ मातीत शिरलेले दिसले तर त्यावर माती चढवली गेली आहे. बागेत शोभेसाठी भराव करणे, भोवती विटांचा गोल पार बांधून तो मातीने भरणे, हा झाडाचा गळा हळूहळू दाबण्याचाच प्रकार. खोडाची साल मातीखाली सतत ओली राहण्यासाठी घडलेली नसते, ती कुजते. चढवलेली माती काढून मुळांचे खांदे मोकळे करणे एवढ्यानेही पुष्कळ झाडे सावरतात, आणि त्याला खर्च काहीच नाही.

खुरपीनेच पेरभर जाडीपेक्षा बारीक मुळे शोधावीत. ती पांढरट, चिवट असतील तर ठीक. काळी पडली असतील, चिमटीत धरून ओढताच साल मोज्यासारखी निघून आतला धागा हातात येत असेल आणि मातीला कुबट वास असेल, तर पाणी साचते आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात आणि पाणी शोषणेच थांबते. मग विचित्र प्रकार होतो : माती ओली आणि झाड तहानलेले. पाने मरगळलेली पाहून माणूस आणखी पाणी घालतो. बागेतली किती झाडे तहानेने मरतात आणि किती मायेने, याचा हिशेब मांडला तर दुसरा आकडा लहान नसेल.

पाणी आणि खत देण्याची जागाही बहुतेक ठिकाणी चुकलेली असते. मोठ्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे खोडाजवळ नसतात. ती दुपारी बाराच्या सावलीच्या कडेला आणि त्याही पलीकडे, वरच्या दीड-दोन फूट मातीत पसरलेली असतात. आळे तिथे हवे. आजारी झाडाला रासायनिक खताचा मोठा डोस देणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पुरणपोळी वाढणे होय. मुळे दुबळी असताना ते क्षार त्यांना आणखी भाजतात. ताजे शेणही नको, त्याने हुमणी आणि वाळवी येते.

लिंबू, संत्रा, मोसंबी या कुळाचा खास आजार म्हणजे डिंक्या. बुंध्याजवळच्या सालीतून डिंकाचे थेंब पाझरतात, साल काळपट होऊन उभी फाटते, खाली लाकूड तपकिरी दिसते, पाने पिवळी पडून फांद्या शेंड्याकडून वाळतात. विदर्भातल्या संत्राबागायतदाराला हे वर्णन सांगावे लागत नाही. कारण आहे फायटोफ्थोरा नावाची बुरशी. या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘वनस्पतीचा नाश करणारी’. हिच्याच एका जातीने १८४५ पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक नासवले आणि मोठा दुष्काळ पडला. ही बुरशी ओल्या मातीतून पोहत येते, तिच्या बीजाणूंना शेपट्या असतात. त्यामुळे खोडाला पाणी लागू न देणे हा डिंक्यावरचा पहिला इलाज. त्यासाठी दुहेरी आळे करतात : खोडाभोवती मातीचा एक लहान उंच बांध, त्याबाहेर मोठे आळे, आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी, खरवड गोळा करून जाळावी, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावी आणि वर बोर्डो मलम लावावे.

हे मलम घरी करता येते. मोरचूद १०० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात, कळीचा चुना १०० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरात, आणि मग दोन्ही एकत्र ढवळायचे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. मोरचूद लोखंडाला खाते. मिश्रणात लोखंडी खिळा किंवा सुरी क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो थोडा वाढवावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा हे मलम खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत लावतात. हीच दोन द्रव्ये दहा लिटर पाण्यात केली की फवारणीचे एक टक्का बोर्डो मिश्रण होते, ते मात्र त्याच दिवशी वापरावे लागते. या औषधाचा शोध चोरांच्या भीतीतून लागला. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी हात मारू नये म्हणून मळेवाले मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. १८८२ साली प्येर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसले की केवडा रोगाने बाकीचे वेल गेले, पण हे टिकले. प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली तरी हे मिश्रण वापरात आहे.

आंब्याचा मोठा वैरी भिरूड. हा खोडकिडा म्हणजे करड्या रंगाच्या, अंगापेक्षा लांब मिशा असलेल्या दोनेक इंची भुंग्याची अळी. भुंगा सालीच्या भेगांत अंडी घालतो, अळी सालीखाली खाऊ लागते आणि मग लाकडात शिरून बोगदे करते. ती माणसाच्या बोटाएवढी होते. अन्नपाणी वाहणारा थर कापला गेल्याने आधी एक फांदी, मग दुसरी अशी सुकत जाते, आणि मोठे झाडही अखेर वाळते. खूण सोपी आहे, पण ती वर नाही, खाली पाहिल्यावर सापडते. बुंध्याशी किंवा फांदीच्या बेचक्यात लाकडाचा ताजा भुसा आणि चघळलेले तंतू पडलेले दिसतात. तो भुसा झाडून टाकावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला तर अळी जिवंत आहे आणि छिद्र त्याच्या वरच्या बाजूला आहे. छिद्र पटाशीने थोडे मोठे करून तारेचा आकडा आत घालतात आणि अळी ओढून काढतात. तार ओली, पिवळट होऊन बाहेर आली की काम झाले. अळी हाती लागली नाही तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा छिद्रात सारून तोंड चिखलाने घट्ट लिंपतात. यासाठी जुन्या पुस्तिकांत सुचवलेले डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक भारतात २०२० अखेरपासून बंद आहे. कोणी ते देऊ केले तर घेऊ नये. भिरुडावर वरून फवारणी करणे म्हणजे दाराला कुलूप असताना अंगणात पाणी मारणे. अळीपर्यंत काहीच पोचत नाही.

खोडावर भुसा आणि जाळीचे वेडेवाकडे गालिचे दिसले तर ती साल खाणारी अळी. गालिचा काढून तिच्या छिद्रावर हाच उपाय. मातीची पुटे दिसली तर वाळवी, आणि ती बहुधा मेलेली सालच खाते. पुटे खरवडून खोडाला गेरू-चुना लावला तरी पुरते. ऑइलपेंट कधीही लावू नये.

पाने काळी, काजळी फासल्यासारखी झाली की लोक काळ्या बुरशीवर औषध शोधतात. ही काजळी पानाच्या आत शिरत नाही. तुडतुडे, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण रस शोषतात आणि जास्तीचे गोड पाणी शरीराबाहेर टाकतात, त्या चिकट थरावर ती वाढते. आणि त्या गोडाच्या लोभाने मुंग्या या किडींची राखण करतात. त्यामुळे इलाज मुंग्यांपासून सुरू करावा : खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस फासावे, जमिनीला किंवा भिंतीला टेकणाऱ्या फांद्या कापाव्यात. मग पाच टक्के निंबोळी अर्क. कीड गेली की काजळी पावसाने धुऊन जाते.

माडाची गोष्ट वेगळी, कारण त्याला वाढण्याचा कोंब एकच. तो गेला की माड गेला. नव्या झावळ्या उलगडताना कात्रीने पंख्यासारख्या कापलेल्या दिसल्या तर गेंड्या भुंगा. त्याला आकडीने काढावे आणि तो जिथे वाढतो ते जवळचे शेणखताचे उकिरडे उपसावेत. खोडातून तपकिरी, आंबूस द्रव गळत असेल, कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज येत असेल तर तो सोंड्या भुंगा आणि प्रकरण गंभीर आहे.

वाळलेल्या फांद्या कापणे हा बहुतेक आजारांतला सामाईक उपचार, पण कापण्यातच झाडाचे सर्वाधिक नुकसान होते. झाडाची जखम माणसाच्या कातडीसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणाऱ्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात हे स्पष्ट मांडले : झाड कुजका भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेला फुगीर कडा असतो. ही भिंत उभारण्याची सामग्री तिथे असते. तो कडा राखून, त्याच्या लगेच बाहेर काप घ्यावा. खोडाशी सपाट कापले तर भिंतच कापली जाते, हातभर खुंटा ठेवला तर तो कुजून कीड आत नेतो. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून, आणि शेवटी कड्याजवळ. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते. जखमेवर डांबर फासू नये, पोकळीत सिमेंट भरू नये. झाडाचा जिवंत थर सालीलगत असतो, म्हणून आत पूर्ण पोकळ झालेल्या चिंचा आणि वड पिढ्यान्‌पिढ्या उभे राहतात.

निदानाची ही पद्धत आजची नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. त्यात झाडाच्या रोगाची लक्षणे चार सांगितली आहेत : पाने फिकट पडणे, पालवी न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे. उपचारात आधी शस्त्राने रोगट भाग साफ करायचा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप, आणि दूध-पाण्याचे शिंपण. तुपाची जागा मोरचुदाने घेतली. ‘आधी साफ करा, मग लेप लावा’ हा क्रम तसाच आहे.

काही दुखण्यांना उपाय नाही. लिंबूवर्गातल्या ग्रीनिंग रोगात पाने असमान ठिपक्यांनी पिवळी पडतात, फळे वेडीवाकडी आणि कडवट होतात. सिट्रस सिल्ला हा चिमुकला किडा हा रोग पसरवतो, आणि लागलेले झाड काढून टाकणे हाच शेजारच्या झाडांचा बचाव. शंका असल्यास नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोली, राहुरी, अकोला, परभणी येथील कृषी विद्यापीठांत न्यावा. नमुना पूर्ण वाळलेला नको. आजारी आणि निरोगी भाग जिथे मिळतात त्या हद्दीवरचा हवा, सोबत थोडी मुळे आणि माती, आणि फांदी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजते.

बुंध्याशी लाकडासारखी कठीण, पंख्याच्या आकाराची आळंबी उगवली तर आतले लाकूड पोखरले गेले आहे. हातोडीने खोड ठोकून पाहावे. आवाज पोकळ येत असेल आणि झाड घराकडे किंवा रस्त्याकडे झुकलेले असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नये. शहरातला गुलमोहर याच कारणाने पहिल्या वादळात आडवा होतो. मात्र झाड स्वतःच्या अंगणातले आणि पूर्ण वाळलेले असले तरी महानगरपालिका व नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. या कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. त्यामुळे बुंध्यात ॲसिड ओतून झाड ‘आपोआप’ मेल्याचे दाखवणाराही गुन्हेगारच ठरतो.

गेलेल्या झाडाच्या जागी नवे लावायचे तर जुना खड्डा टाळावा, कारण रोगाची बुरशी त्या मातीत राहिलेली असते. काही फूट दूर नवा खड्डा घ्यावा, आणि कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवावा.